पुलाखालची तक्रार आणि गोळ्यांची पिशवी

‘पुलाखाली लोक राहतात, घाण करतात, हटवा’ अशी तक्रार आली की ती आधी सफाई विभागाकडे जाते. काम तिथेच बिघडायला लागतं. सफाईच्या गाडीला दिसतं ते सामान. माणसं मोजायची ती आम्ही, बेघरांचं काम करणाऱ्यांनी, आणि तीही रात्री दहानंतर. दिवसा पुलाखाली कुणी नसतं, सकाळी सातच्या आत सगळे मजुरीच्या नाक्यावर गेलेले असतात. टॉर्च तोंडावर मारायचा नाही. पोलिसांना सोबत न्यायचं नाही, खाकी दिसली की निम्मे उठून जातात आणि यादी खोटी पडते.

गोव्यातल्या या पुलाखाली विजापूरकडची दोन गवंडी कुटुंबं होती, लेकरांसकट. एक म्हातारी, जन्मापासून गोव्यातलीच. स्वतःशी बोलत फिरणारा एक तरुण. आणि सेंट्रिंगवर जाणारा, विजापूरकडचाच एकटा माणूस, क्षयाच्या गोळ्या चालू असलेला. तक्रारीत मात्र सगळे ‘भायले’, म्हणजे बाहेरचे.

प्रत्येकाची वाट निराळी. कुटुंबाला वेगळी खोली नसेल तर बेघरांच्या निवाऱ्यात नवरा-बायकोची ताटातूट होते, म्हणून ती जात नाहीत. त्यात निवारा नाक्यापासून लांब असेल तर रोजही बुडतो. म्हातारीला प्रोव्हेदोरियाच्या, म्हणजे गोव्यातल्या सरकारी मदत संस्थेच्या, वृद्धाश्रमाचं विचारलं, तर नाव सांगण्याआधी तिचा प्रश्न : ‘म्हाका खंय व्हरतले?’ मला कुठे नेणार? याचं उत्तर आधी द्यावं लागतं, फॉर्म नंतर. तरुणासाठी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, कलम १०० : पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत अजिबात ठेवायचं नाही, आणि तो बेघर असेल तर बेपत्ता म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात नेण्याआधी ठाण्यावर हे कलम छापील कागदावरून वाचून दाखवावं लागतं. दरवेळी. याचा मला संताप येतो.

सामान हलवायचं ठरलं होतं सकाळी नऊला, आमच्यासमोर. गाडी आली सहाला. कुणाच्या तरी फोनवरून वेळ बदलली आणि आम्हाला कुणी कळवलं नाही.

पुलाखाली राहणारे कागद जमिनीवर ठेवत नाहीत. प्लास्टिकच्या छताला आतून, काठीच्या टोकाला, उंदीर आणि पाणी पोहोचणार नाही अशी पिशवी टांगतात. ताडपत्री ओढली की पिशवी तिच्यातच गुंडाळून जाते. कचरा वेगळा करायच्या शेडवर आम्ही ताडपत्र्या एकेक उलगडल्या. तिसरीत क्षयाच्या गोळ्या घेणाऱ्या त्या माणसाची पिशवी सापडली : आधार, उपचाराचं कार्ड, गोळ्यांच्या पट्ट्या. पहिले दोन महिने एका गोळीत चार औषधं, पुढचे चार महिने तीन. पन्नास-साठ किलो वजनाला रोज ४ गोळ्या. पट्ट्या मोजल्या तर हा एक दिवसही चुकला नव्हता. दिवसभर सेंट्रिंगच्या फळ्या उचलून, पुलाखाली राहून. पक्क्या घरातल्या कित्येकांना एवढं जमत नाही.

तो संध्याकाळी परतला असेल तर मोकळी जमीन बघून निघून गेला असेल. कार्डावरचा मोबाइल मुकादमाचा. तो म्हणतो, माणूस दुसऱ्या साइटवर गेला, कुठल्या ते ठाऊक नाही. सलग महिनाभर गोळ्या बंद राहिल्या की नोंदीत ‘उपचार सुटला’ असं चढतं. औषधं तुटली की जंतू त्यांना दाद देईनासे होण्याचा धोका असतो, आणि तो धोका तक्रार करणाऱ्याच्या बसमध्येही बसतो.

सामान उचलण्याआधी प्रत्येक बोचक्याला क्रमांकाची चिठ्ठी, मालक हजर नसेल तर पंचनामा, आणि कागद-औषधं वेगळ्या पेटीत, एवढं मी लेखी मागितलं आहे. खर्च म्हणाल तर चिठ्ठ्या आणि दोरा. फाइल फिरते आहे. त्याचा निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदीतला क्रमांक, आमच्या क्षयरोग केंद्रामार्फत विजापूरला कळवला आहे; तिकडे त्याने गोळ्या मागितल्या तर जुनी नोंद निघेल. तोवर मी सकाळी नाक्यावर सेंट्रिंगवाल्यांना त्याच्याबद्दल विचारते.