आंबिलीवरचं रात्रीचं जेवण

पावसाळ्यातल्या एका सोमवारी ओपीडी गच्च भरलेली असताना बाहेरच्या बाकावर बसलेल्या एक ताई कलंडल्या. दरदरून घाम, हात थरथरत होते, जीभ जड. सिस्टरनी बोटातून रक्त तपासलं, साखर 52, फारच कमी. शुद्धीवर होत्या, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी 84 झाली आणि ताई म्हणाल्या, "मॅडम, मी तर नुसती आंबीलच पीत होते."

ताई साताऱ्यात पोळीभाजीचे डबे देतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. आंबील प्यायल्यावर भुकेचं हार्मोन बंद होतं, वजन झरझर उतरतं, असा व्हिडिओ कुणीतरी पाठवला होता. मग सकाळचा नाश्ता बंद, रात्रीची भाकरी बंद, त्याजागी एकेक पेला आंबील. गोळ्या मात्र पूर्वीच्याच. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पोटात पुरेसं अन्न नसलं तरी ते आपलं काम करतंच, आणि साखर कोसळते.

आहाराचा सल्ला देणं माझं काम, म्हणून आंबील कशी करता, ते विचारलं. नाचणीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून गुठळी न होऊ देता शिजवायचं, निवल्यावर ताक, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. फार छान आंबील! मी स्वतः उन्हाळाभर पिते. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, भरपूर चोथाही. पण पेल्यात पीठ जेमतेम 20 ग्रॅम. ताकासकट शंभराच्या आत कॅलरी, प्रथिनं नावापुरती. हे जेवण होत नाही.

"पण मला भूक मारायचीच हाय," ताई म्हणाल्या. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. दिवसभर दुसऱ्यांसाठी पोळ्या लाटणारी बाई स्वतःच्या भुकेला वैरी समजत होती.

भूक लावणारं हार्मोन म्हणजे घ्रेलिन, ते मुख्यतः जठरात तयार होतं. 1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. जेवणाआधी ते चढतं, जेवल्यावर उतरतं. आंबिलीनंही थोडं उतरेल, पण पातळ पदार्थाचं समाधान भाकरी-उसळीइतकं टिकत नाही. उपाशी राहून वजन उतरवलं तर उलट घ्रेलिन वाढतं. चरबीतून येणारं दुसरं हार्मोन, लेप्टिन, मेंदूला साठा पुरेसा असल्याचं कळवतं. वजन जास्त असणाऱ्या बहुतेकांच्या रक्तात ते भरपूर असतं, मेंदू त्याला दाद देत नाही इतकंच. मग पेलाभर आंबील त्याला कशी वळवणार?

मी झोपेचं विचारलं. रात्री साडेअकराला भांडी आवरून निजायचं, पहाटे साडेतीनला कणीक मळायला उठायचं. 2004 मध्ये शिकागोतल्या संशोधकांनी 12 निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. त्यांचं लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं, घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं. ताईंची वर्षानुवर्षं तीच गत. दुपारी चारला फरसाणाचा डबा उघडावासा का वाटतो, हे त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी समजावलं असावं. त्यांचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी त्याच दिवशी ग्लिमेपिराइड कमी केलं. आंबील मी बंद केली नाही, दुपारी चारला ठेवली, सोबत मूठभर फुटाणे. सकाळी मुगाचं धिरडं. रात्री एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी, आणि तेही आठच्या आत, गिऱ्हाइकांचे डबे भरायच्या आधी. कणीक मळायला भाचीला पगारावर घ्या, असंही सुचवलं. त्यावर ताई बराच वेळ हिशेब करत बसल्या.

पुढच्या खेपेला वजन किलोभरही उतरलं नव्हतं. चक्कर मात्र परत आली नव्हती, उपाशीपोटीची साखर 118 होती, आणि भाची पहाटेचं काम शिकत होती. ताईंनी येताना आंबिलीची बाटली आणली होती. लसूण जरा जास्त झाला होता, मी आणि सिस्टरनी ती तिथंच संपवली.