नागपुरातून आयात-निर्यात: आयईसी पाचशे रुपयांत मिळतो, खरं काम त्यापुढचं

आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, काढायची सरकारी फी ५०० रुपये आहे. अर्ज डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या, वेबसाइटवर ऑनलाइन होतो आणि कागद नीट असतील तर कोड त्याच बैठकीत हाती येऊ शकतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून हा कोड म्हणजे तुमच्या पॅनचीच दहा अक्षरं-आकडे. त्यामुळे एका पॅनवर एकच आयईसी निघतो. शाखा वाढली तर तिचा पत्ता त्याच कोडमध्ये जोडायचा. कुणी पाच-सात हजार मागत असेल तर वरचे पैसे त्याची मजुरी आहे, सरकारची फी नाही. सरकारी वाटाव्यात अशा खासगी वेबसाइटही बऱ्याच आहेत, तेव्हा पत्ता पाहूनच अर्ज भरा.

नवी माणसं इथवर पोचली की नोंदणी झाली असं समजतात. पण माल अडतो तो आयईसीवाचून क्वचितच. पॅन, बँक, जीएसटी आणि कस्टम्स या चार ठिकाणी नाव किंवा पत्ता वेगवेगळा लागला की अडतो.

म्हणून सुरुवात बँकेपासून करा. प्रोप्रायटरशिप असेल तर पॅन मालकाचं, पण चालू खातं फर्मच्या नावानं. ते उघडायला बँक सहसा गुमास्ता आणि उद्यम नोंदणी मागते. आयईसीच्या अर्जाला जो रद्द केलेला चेक जोडायचा, त्यावर नाव छापील हवं. खातं उघडताना किटसोबत जे चेकबुक लगेच मिळतं त्यावर नाव नसतं. तो चेक चालत नाही. एकतर छापील चेकबुक येईपर्यंत थांबा, नाहीतर बँकेकडून ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्या. अर्जावर सही आधारच्या ओटीपीनं होते, पण आधारला चालू मोबाइल जोडलेला पाहिजे. डिजिटल सहीही चालते. फी भरताना पैसे खात्यातून गेले आणि अर्ज पुढे सरकला नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी त्या पेमेंटची स्थिती तपासा.

पत्त्याचा घोळ आपल्याकडे फार. इतवारी-महालातल्या जुन्या घरांत वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असतं, घरटॅक्सची पावती काकांच्या नावावर, आणि दुकान नातू चालवतो. अशा वेळी ताजं वीजबिल किंवा घरटॅक्स पावती, जागा ज्याच्या नावावर आहे त्याचं संमतीपत्र, आणि तो हयात नसेल तर वारसांचा कागद, असा संच आधीच तयार ठेवा. नव्या ले-आउटमध्ये एका कागदावर प्लॉट नंबर, दुसऱ्यावर खसरा नंबर असतो. पत्ता एकदाच कागदावर पक्का लिहून घ्या आणि सगळीकडे तोच भरा, अगदी स्वल्पविरामासकट.

जीएसटीबद्दल एक गैरसमज हमखास भेटतो: उलाढाल कमी आहे, मग नोंदणी कशाला? मालाची निर्यात आंतरराज्य पुरवठा धरली जाते, तिला कमी उलाढालीची सूट नाही. पहिल्या कन्साइनमेंटलाही नोंदणी लागते. त्यानंतर जीएसटी पोर्टलवर फॉर्म आरएफडी-११ मध्ये एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरा, म्हणजे आयजीएसटी (आंतरराज्य आणि आयात-निर्यातीच्या व्यवहारांवरचा जीएसटी) न भरता माल पाठवता येतो. एलयूटी ३१ मार्चला संपतो, १ एप्रिलपासून नवा लागतो. इन्व्हॉइसच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर गेला नाही, तर कर व्याजासकट भरावा लागतो.

आयजीएसटी भरून परतावा घ्यायचा असेल तर शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सकडे दाखल करायचा कागद, हाच परताव्याचा अर्ज. इथे एसबी००५ नावाची चूक अनेकांचे पैसे अडकवते. जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या जीएसटी रिटर्नमध्ये) इन्व्हॉइस ‘००७’ आणि शिपिंग बिलावर ‘७’, एवढ्यानंही सिस्टिम दोन्ही जुळवत नाही. कस्टम्ससाठी वेगळ्या नंबरचं एक्स्पोर्ट इन्व्हॉइस बनवायची सवय हे याचं मोठं कारण. एकच इन्व्हॉइस, एकच नंबर ठेवा आणि कस्टम्स ब्रोकरला (कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटाला) चेकलिस्ट, म्हणजे बिलाचा मसुदा, तुमच्याकडे आल्याशिवाय शिपिंग बिल दाखल करू देऊ नका.

आता एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँक शाखेचा क्रमांक. तुमची बँक लेटरहेडवर हा कोड लिहून देते, तो आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, नोंदवायचा, आणि तो बंदरानिहाय नोंदवावा लागतो. नागपूरकरांनी यावर आधी विचार करायलाच हवा, कारण आपल्याला समुद्र नाही, वाटा मात्र अनेक आहेत. नागपुरातल्या कॉन्कॉरच्या (रेल्वेच्या कंटेनर कंपनीच्या) डेपोत कस्टम्स झालं आणि कंटेनर रेल्वेनं न्हावाशेवाला गेला, तर नोंदणी डेपोची लागते. ट्रकनं माल थेट न्हावाशेवाला नेला तर तिथली. विमानानं पाठवला तर विमानतळाची. काटोल-वरुडची संत्री बांगलादेशला जातात ती पेट्रापोलसारख्या सीमेवरच्या ठाण्यातून. तिथली नोंदणी नसेल तर ट्रक उभा राहतो, आणि संत्रं वाट पाहत नाही. सौदा ठरताच बंदर ठरवा आणि त्याच दिवशी बँकेकडे पत्र मागा. ड्रॉबॅक (निर्यातीच्या मालावर परत मिळणारी ड्यूटी) आणि जीएसटीचा परतावा ज्या खात्यात यायचा त्याची नोंद वेगळी असते. बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी बदलला असेल तर तोही तिथे बदला, नाहीतर मंजूर झालेली रक्कमही खात्यात जमा होत नाही.

मालाप्रमाणे आणखी एक नोंदणी लागते. संत्री आणि इतर ताज्या फळांसाठी अपेडाचं (शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेचं) आरसीएमसी, म्हणजे नोंदणी आणि सदस्यत्वाचं प्रमाणपत्र: फी ५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९०० रुपये, पाच वर्षांसाठी. भिवापुरी मिरचीसाठी मसाला मंडळाकडे निर्यातदार नोंदणी. फळाला फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्रही हवं, आणि ते माल तयार झाल्यावर, तपासणीनंतरच मिळतं, म्हणून त्याचा वेळ लोडिंगच्या हिशेबात धरा.

आयात करणाऱ्यांनी सौदा करण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. एक, त्या एचएस कोडचा (मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकाचा) माल मुक्त आहे, निर्बंधित (परवानगी लागणारा) आहे की प्रतिबंधित (बंदी असलेला). खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, केंद्रीय परवाना लागतो. बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी सक्तीच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची नोंदणी परदेशी कारखान्याच्या नावावर असते, ती तुम्ही इथे बसून काढू शकत नाही. विक्रेत्याकडून नंबर मागा आणि मगच आगाऊ रक्कम पाठवा.

दुसरं, पडता भाव, म्हणजे सगळे कर धरून माल केवढ्याला पडतो तो. समजा कस्टम्सनं धरलेली किंमत १,००,००० रुपये आणि मूळ ड्यूटी १० टक्के. ती झाली १०,०००. तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १,०००. आता १,११,००० वर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे १९,९८०. एकूण ३०,९८०. यातला आयजीएसटी इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो, म्हणजे पुढच्या जीएसटीतून वजा होतो, पण ११,००० हा तुमचा खर्चच. बरेच जण १० आणि १८ मिळवून २८ टक्के धरतात आणि तिथेच त्यांचं गणित बिघडतं.

आयईसीला मुदत नाही, रिटर्नही नाही. पण फेब्रुवारी २०२१ च्या नियमानं दरवर्षी एप्रिल ते जून या काळात पोर्टलवर जाऊन माहिती अद्ययावत करावी लागते, काही बदललं नसेल तरीही तसं पक्कं करायचं. या तीन महिन्यांत त्याला फी नाही. केलं नाही तर कोड निष्क्रिय होतो. अद्ययावत केल्यावर तो पुन्हा सुरू होतो, पण हे कळतं ते बहुधा शिपिंग बिल अडल्यावर. नवा एलयूटी १ एप्रिलपासून लागतोच, त्याच बैठकीत हेही उरकून टाका.