फासे टाकतं कोण?

बॅकगॅमन, म्हणजे फासे टाकून सोंगट्या हलवायचा दोघांचा पटावरचा खेळ, ऑनलाइन खेळणाऱ्याला हरल्याचं एवढं वाईट वाटत नाही, जेवढा राग फाशांचा येतो. 'त्याला सहा-सहाच लागत होतं आणि नेमकं तेच पडलं!' सर्व्हर बदलला तरी वाक्य तेच. यंत्रात शकुनीमामा बसलाय, यावर हरलेल्यांचं एकमत असतं.

ही ओरड सर्व्हरांइतकीच जुनी. १९९२ मध्ये आंद्रेआस श्नायडर यांनी स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठातल्या संगणकावर 'फिब्स' हा बॅकगॅमनचा सर्व्हर सुरू केला. टेलनेटने, म्हणजे दूरच्या संगणकाशी नुसत्या मजकुरातून जोडणाऱ्या प्रोग्रामने, ४३२१ या पोर्टवर जायचं; पट रेघांचा, सोंगट्या म्हणजे 'ओ' आणि 'एक्स' ही अक्षरं. चाल टाइप करायची. इतकं रूक्ष असूनही लोक तुटून पडले, कारण इस्तंबूल किंवा अथेन्सच्या कॉफीगृहांबाहेर या खेळाला जोडीदार मिळणं मुश्कील. इथे रात्री दोनलाही कुणीतरी जागं सापडायचं.

शिवाय रेटिंग होतं. सगळ्यांची सुरुवात १५०० पासून. तोडीस तोड दोघे एका गुणाचा सामना खेळले तर मुरलेल्या खेळाडूचे रेटिंगचे २ गुण वर-खाली होतात, अगदी नवख्याचे १०. नऊ गुणांच्या सामन्याला मुरलेल्याचे ६ च, कारण हिशेबात सामन्याच्या लांबीचं वर्गमूळ धरतात. त्याच वर्षी आयबीएममध्ये गेराल्ड टेसॉरो यांचा टीडी-गॅमन हा प्रोग्राम स्वतःशीच खेळून शिकत होता. सुरुवातीलाच दोन-एक पडलं की एक सोंगटी पाचव्या घरात एकटी उघडी ठेवायची, ही जाणत्यांची रीत होती. त्याऐवजी मागची सोंगटी एक घर सरकवणं या प्रोग्रामला पसंत पडलं. पुढे अशा प्रोग्रामांकडून आपल्या चुका मोजून घ्यायची सोय झाली. तरी फाशांवरचा संशय काही गेला नाही.

तो तपासणं अवघड नाही. ३६० वेळा फासे पडले की त्यात जोड्या, म्हणजे दोन्ही फाशांवर सारखाच आकडा, सुमारे ६० असाव्यात. नेमक्या ६० क्वचितच येतील. ४६ ते ७४ च्या दरम्यान काहीही आलं तरी वावगं नाही. नोंद मात्र प्रत्येक दानाची हवी, फक्त जिव्हारी लागलेल्या दानांची नको. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. लागोपाठ चार जोड्या पडायची शक्यता १२९६ मध्ये एक. एका डावात दोघांची मिळून पन्नासेक दानं धरली, तर पंचवीस-तीस डावांत हे सरासरी एकदा घडायचंच. समोरासमोर खेळताना तेवढे डाव व्हायला महिने लागतात. सर्व्हरवर एका शनिवार-रविवारात उरकतात.

संशय येण्याचं दुसरं कारण मानी खेळाडूंना आवडत नाही. चांगला खेळणारा सोंगट्या अशा मांडतो, की ३६ पैकी २५ दानं त्याच्या कामी यावीत. आपण मांडतो तेव्हा १२-१३ च उपयोगी पडतात. मग त्याचं नशीब जोरावर दिसणारच.

खरा ताप फाशांचा नाही, पळपुट्यांचा. हार दिसली की कनेक्शन 'तुटतं'. फिब्सवर असा सामना जपून ठेवला जातो, पण पुरा होईपर्यंत रेटिंग हलत नाही, आणि तो गृहस्थ पुन्हा आपल्या वाटेला येत नाही. म्हणून बसण्याआधी समोरच्याचे किती सामने अर्धवट आहेत, ते बघावं. ढीग असेल तर लांबूनच नमस्कार.

आणि एक सेटिंग आधी तपासावं: फासे टाकण्यापूर्वी डबल करायचं का, म्हणजे डावाचे गुण दुप्पट करायचे का, हे सर्व्हर विचारतो का? ते बंद असलं की आपली पाळी आल्याबरोबर फासे पडतात आणि क्यूब, म्हणजे दुपटीचे आकडे असलेला ठोकळा, फिरवायची संधी जाते. उलट बाजूने, डबल आलं की घाबरून डाव सोडायचा नाही. डाव सोडला की एक गुण जातो, म्हणून चार डाव सोडले तर ४ गुण जातात. चारही दुपटीने स्वीकारले आणि एकच जिंकला, तर ६ गेले, २ आले, म्हणजे तोटा तेवढाच. थोडक्यात, जिंकायची शक्यता २५ टक्क्यांच्या वर वाटली आणि गॅमनची, म्हणजे दुप्पट हारीची, भीती नसली तर स्वीकारायचं. मागाहून फासे वाईट पडले, तर तक्रारीला जागा आहेच.