"मग दहा वर्षं मला काहीच कसं झालं नाही?"

इंदूरच्या एका एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रावर, मी समुपदेशक आहे. इथे येणारे बरेच जण पहिल्यांदा रिपोर्टशीच भांडतात. त्या दिवशीच्या गृहस्थांना रिपोर्ट मान्य होता. त्यांचं भांडण होतं हिशोबाशी. "ताई, जे घडलं ते पीथमपूरच्या नोकरीत असताना, लग्नाआधी. मग दहा वर्षं मला काहीच कसं झालं नाही?"

चाळिशीचे, रामबागेत राहणारे. शर्ट खांद्यांवरून ओघळत होता. सोबतच्या पिशवीत निरनिराळ्या डॉक्टरांचे जुने कागद होते. म्हटलं, चला, तारखेवार लावू.

सुरुवातीच्या काळात कधी ताप आला होता का? आठवलं त्यांना: ताप, घसा, अंगावर पुरळ, मानेत गाठी. 'व्हायरल' म्हणून आठवड्यात विसरलेही. तो एचआयव्हीचाच होता असं आता सिद्ध करता येणार नाही, पण लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांत अनेकांना नेमकं असंच होतं. तेव्हा रक्तात विषाणू प्रचंड असतो. मग शरीर त्याला आवरतं आणि माणूस धडधाकट दिसू लागतो.

फसगत होते ती याच काळात. विषाणू सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरून स्वतःच्या प्रती काढत राहतो, पेशी मरतात, शरीर नव्या घडवतं. जमेपेक्षा खर्च किंचित जास्त, एवढंच, पण वर्षानुवर्षं. निरोगी माणसात एका मायक्रोलिटर रक्तात ५०० ते १५०० सीडी४ असतात. यांच्या ६४ उरल्या होत्या. २०० च्या खाली गेलं की त्या अवस्थेला एड्स म्हणतात.

कागदांत खुणा होत्याच. आधी पाठीवर नागीण. घरच्यांनी काव लावून ती 'उतरवली'. ऐन तिशीत नागीण निघाली, तर निदान एक रक्ततपासणी कुणीतरी सुचवायला हवी होती. राग येतो मला. मग महिनोन्महिने जुलाब. तोंडात पांढरा थर, त्याचं खापर गुटख्यावर. आता संध्याकाळचा ताप आणि मानेत गाठ: टीबी.

औषधांचा क्रम समजावला. आधी टीबीचं, दोन आठवड्यांच्या आत एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेपर्यंत आणि ते थांबल्यावर आणखी दोन आठवडे, एचआयव्हीच्या डोल्युटेग्रावीरची एक जादा गोळी बारा तासांनी. आणि मी तीनतीनदा सांगते ते हे: एआरटी सुरू झाल्यावर गाठ आणखी सुजू शकते, ताप उलटू शकतो. प्रतिकारशक्ती जागी होऊन दडलेल्या टीबीवर तुटून पडते, म्हणून. लोक नेमके तिथेच घाबरून गोळ्या टाकतात. "टाकू नका, इथे या."

पत्नीचं विचारायला ते बराच वेळ धजले नाहीत. शेवटी मीच विषय काढला. लागण झालीच असेल असं नाही, पण तपासणी याच आठवड्यात.

धाकटा भाऊ बाहेर ताटकळला होता. दार उघडताच त्याने मलाच विचारलं, "काय निघालं?" २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ते सांगायचा हक्क माझा नाही. मी गृहस्थांकडे पाहिलं.

"टीबी आहे," ते म्हणाले.

"मग एवढा वेळ कशाला लागला?"

"जुने कागद लावत होतो," ते म्हणाले आणि गोळ्यांच्या खिडकीकडे निघाले.