पहिला घाट: गाडी यवतेश्वरला नेण्याआधी आणि उतरवताना

लायसन्स हातात आलं की साताऱ्यातल्या पोराला आधी कास आठवतं. राजवाड्यावरून समर्थ मंदिराकडे यायचं. तिथून एक रस्ता बोगद्यातून सज्जनगड-ठोसेघरला जातो, दुसरा यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावर. अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. बहुतेक चढ यवतेश्वरपर्यंतच संपतो, पुढे रस्ता डोंगराच्या माथ्यावरून जातो. म्हणजे पहिल्या घाटासाठी याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. फक्त एक गोष्ट पोरांना कुणी नीट सांगत नाही: सगळी तयारी उताराची करायची असते. चढताना चूक झाली तर गाडी बंद पडते. उतरताना चूक झाली तर ती थांबत नाही.

लर्निंगवर असाल तर हा बेत पुढं ढकला. दुचाकीच्या लर्निंग लायसन्सवर शिकवणारा सोडून दुसऱ्याला डबलसीट घेता येत नाही, आणि मित्राला मागे न बसवता कासला जाणारा पोरगा अजून दिसायचा आहे. लर्निंग काढल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. तेवढे दिवस शहरातल्या चढ-उतारावर हात बसू द्या. साताऱ्यात त्यांची कमी नाही.

गाडी आदल्या दिवशी बघायची, सकाळी निघताना नव्हे. टायर गार असताना हवा तपासा. शंभर सीसीच्या साध्या गाडीला एकट्यासाठी पुढं २५ आणि मागं २८ पौंडांच्या आसपास लागते, डबलसीट असेल तर मागं बरीच जास्त. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर असतो. हवा भरणाऱ्या पोऱ्याला ‘टाक की’ म्हणून मोकळं होऊ नका. चेन पुढच्या-मागच्या सॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चकत्यांच्या, मधोमध बोटानं वर-खाली करून बघा, अडीच-तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. चाक फिरवत चार ठिकाणी बघा, कारण जुनी चेन एका जागी ढिली तर दुसऱ्या जागी ताठ असते. ताठ जागा बघून ताण ठरवायचा. ढिल्या जागेवर कसली की डबलसीट बसल्यावर चेन इतकी ताणते की बेअरिंगला त्रास होतो.

आता ब्रेक. ड्रम ब्रेकच्या प्लेटवर, जिथं ब्रेकचा रॉड येऊन दांडीला जोडतो, तिथं एक बाण आणि एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला टेकला तर लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, संपलेत. मग नट कितीही कसा, उपयोग नाही, लायनर बदला. फूटब्रेकचा मोकळा खेळ, म्हणजे ब्रेक लागायच्या आधी पेडल रिकामं दबतं ते अंतर, दोन-तीन सेंटीमीटर ठेवा. पार काढून टाकला तर लायनर ड्रमला सतत घासतात आणि घाट लागण्याआधीच चाक तापतं. पुढं डिस्क असेल तर ऑइलच्या डबीत बघा. ते चहासारखं काळपट दिसत असेल तर त्यात पाणी शिरलंय; डिस्क तापली की त्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर हँडलला येऊन टेकतो. एप्रिल २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना बहुधा फूटब्रेकबरोबर पुढचा ब्रेकही थोडा लागतो. त्यांचं सेटिंग घरी करू नका, मिस्त्रीकडूनच करून घ्या.

क्लच वायर लिव्हरपाशी बघा. एखादी तार सुटलेली दिसली तर वायर बदला. ती तुटते ती नेहमी चढावरच, कारण क्लच सगळ्यात जास्त तिथंच दाबला जातो. पेट्रोल शहरातच भरा. चढावर अ‍ॅव्हरेज पडतं, त्यामुळं रोजच्या हिशेबावर जाऊ नका.

चढ सोपा आहे. इंजिन घरघरायला लागायच्या आधी गिअर खाली टाका. टॉपमध्ये रेस पिळून ओढत नेलं की इंजिन खडखडतं, तापतं, आणि पिकअप तर मिळतच नाही. अर्धा क्लच धरून गाडी रेटू नका, प्लेटा जळतात आणि जळका वास सिटीत येईपर्यंत जात नाही. वळणावर थांबावं लागलं तर डावा पाय खाली, उजवा फूटब्रेकवर. निघताना पहिला गिअर, थोडी रेस, क्लच हळू सोडत इंजिनाचा आवाज जड झाला की मगच ब्रेक सोडायचा. गाडी बंद पडून मागं सरकायला लागली तर क्लच दाबू नका. गिअरमध्येच राहू द्या आणि दोन्ही ब्रेक धरा. इंजिनच गाडी अडवून धरतं.

यवतेश्वरच्या पुढं घाईचं काही नाही. कासचं पठार साधारण १,२०० मीटर उंचीवर आहे, २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. फुलांचा हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. तेव्हा शनिवार-रविवारी गर्दी अशी की पहिल्यांदा घाट चालवणाऱ्यानं तिकडं फिरकूच नये. माझ्या मते पहिल्या खेपेला नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली एखादी साधी, आठवड्यातली सकाळ धरावी. फुलं नसतात, पण रस्ता कोरडा आणि मोकळा असतो. पावसात जायचंच असेल तर दोन गोष्टी: सावलीतल्या वळणांवर कडेला शेवाळ धरलेलं असतं, आणि माथ्यावर धुकं उतरतं. धुक्यात डिपर मारून हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, लो बीमच ठेवा. हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवली की आतून वाफ धरत नाही. डबलसीटवाल्यालाही हेल्मेट लागतंच.

आता उतार. नियम एकच: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. रेस सोडून दिली की इंजिन स्वतःच गाडीला मागं खेचतं आणि ब्रेकवरचं अर्धं काम कमी होतं. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रल करून, कधीकधी इंजिन बंद करून गाडी सोडून देणारे तुम्हाला भेटतील. त्यांच्यात बाबा-काकाही असतील. फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाडीत हा हिशेबच उलटा आहे: गिअरमध्ये रेस बंद असली की इंजेक्टर पेट्रोल तोडतो, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत दोन-चार थेंब वाचतीलही; पण इंजिनाचा लगाम जातो, आणि जुन्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नाही, इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या मॅग्नेटवर थेट चालत असल्यानं संध्याकाळी इंजिन बंद केलं की अंधार.

फूटब्रेक सतत दाबून उतरणं ही नवख्यांची सवय. ड्रम तापतो, लायनर गुळगुळीत होतात, आणि पाय पूर्ण खाली जाऊनही गाडी थांबत नाही. त्याऐवजी वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच दोन्ही ब्रेक एकदम पण हळू वाढवत दाबा, वेग उतरवा, सोडून द्या, मग वळा. उतारावर वजन पुढं येतं, त्यामुळं मागचं चाक हलकं होऊन लवकर घसरतं. खरं काम पुढचा ब्रेक करतो. तो झटक्यात दाबायचा नाही आणि वळणात गाडी झुकलेली असताना तर नाहीच. ब्रेक मऊ वाटायला लागला तर कडेला सपाट जागा बघून थांबा आणि पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, धातू वाकडा होऊ शकतो. अरुंद जागी चढून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आहे, उपकार नव्हे.

पंक्चरचं सामान बरोबर असावं. ट्यूबलेस असेल तर किट आणि छोटा पंप पुरतो. खिळा दिसला म्हणून लगेच उपटू नका, आधी सगळं सामान बाहेर काढा. मग खिळा काढून भोकात खडबडीत सळई फिरवा, पट्टीला सोल्युशन लावून सुईनं आत ढकला, दोन्ही टोकं सेंटीमीटरभर बाहेर ठेवून सुई झटक्यात ओढा. जास्तीची टोकं कापा, हवा भरा, वर थुंकी लावून बुडबुडे येतात का बघा. ट्यूबचं टायर असेल तर कडेला उभं राहून मदत मिळवणंच बरं. बसकं टायर तसंच चालवत नेलं तर ट्यूब व्हॉल्वपाशी फाटते आणि पंक्चरचा खर्च नव्या ट्यूबवर जातो.

सांगली-मिरजेकडून येणाऱ्यांना घाटाआधी पेठ नाक्यापासून हायवे लागतो. ऊसाचा सीझन चालू असेल तर अंधार पडल्यावर निघू नका. मागं लाल दिवा नसलेली दोन ट्रॉल्यांची गाडी तुमच्या लाइटात अगदी शेवटच्या क्षणी दिसते, आणि सांडलेला ऊस चाकाखाली गोल फिरतो.

घरी पोचल्यावर गाडी डबल स्टँडला लावून चेन गरम आहे तोवर ऑइल सोडा, आतपर्यंत जातं. चेनच्या आतल्या बाजूनं, मागचं चाक हातानं फिरवत. इंजिन चालू ठेवून कधीच नाही, बोट सॉकेटमध्ये जातं. सकाळी ब्रेकचा खेळ पुन्हा मोजा. एका घाटात तो ठळक वाढला असेल तर लायनर बघून घ्या.