नानांची पक्कड आणि शंभराचा स्टॅम्प

जळगावात मी भाडेकराराचं काम करतो, म्हणजे लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन बॅगेत टाकून लोकांच्या घरी जायचं आणि ऑनलाइन लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करून द्यायचं. एप्रिल होता, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया आठ दिवसांवर. दुपारी दोनला एका नानांचा फोन, लगेच ये म्हणे. भुसावळला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते, रिटायरमेंटच्या पैशातून पिंप्राळ्याकडे फ्लॅट घेतलेला.

गेलो तर नाना जिन्याखाली मीटरसमोर उभे, एका हातात नवं कुलूप आणि दुसऱ्या हातात पक्कड! वायर कापणार होते. वर तिसऱ्या मजल्यावर भाडेकरूची बायको आणि लहान पोरगं, बाहेर ऊन असं की रेलिंगला हात लागत नव्हता. मी आधी पक्कड काढून घेतली. नाना मूळचे अमळनेरकडचे, चिडले की सरळ अहिराणीवर येतात, "मनाच घरमा माले येऊ देत नई!"

म्हटलं नाना, लाइट-पाणी तोडायला भाडे नियंत्रण कायद्यात मनाई आहे, भाडं थकलं असलं तरी, उलट केस तुमच्यावर होईल. करार दाखवा. पिशवीतून घडी पडून फाटत आलेला शंभराचा स्टॅम्प निघाला, नोटरीचा शिक्का, अकरा महिने, तेही कधीच संपलेले. अकरा महिन्यांचा असला की रजिस्टर लागत नाही हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं, हे सगळ्यांनाच कोणीतरी सांगितलेलं असतं. महाराष्ट्रात 1999 च्या त्या कायद्याचं कलम 55 आहे, करार लेखी आणि रजिस्टर पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची, नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरतात जोवर तुम्ही उलटं सिद्ध करत नाही. रजिस्टर असता तर मुदत संपल्यावर घर परत मिळवायला कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता आलं असतं आणि पुढच्या दिवसांची भरपाई दुपटीनं मागता आली असती. दीड-दोन हजार वाचवले होते नानांनी.

पायरीवर बसून हिशोब केला. भाडं 9,000, सात महिने थकलं म्हणजे 63,000, डिपॉझिट 20,000, वर महावितरणचं बिल नानांच्याच नावावर. फ्लॅट 32 लाखांचा. वर्षभर भाडं वेळेवर आलं तरी 1,08,000, त्यातून मेंटेनन्स आणि घरपट्टी वजा केली की तीन टक्केसुद्धा हातात येत नाहीत. नाना बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले, मग म्हणाले एफडीच बरी होती रे. होतीच, पण हे फ्लॅट घेण्याआधी कोण विचारतो.

संध्याकाळी भाडेकरू आला. माणूस वाईट नव्हता, कंपनीतलं काम सुटलेलं, तोंड चुकवत फिरत होता. बायको आखाजीला माहेरी जाणारच होती, ती पोराला घेऊन गेली आणि पंधरा दिवसांनी त्यानं घर सोडलं. लेखी घेतलं, चावी घेतली, नानांनी उरलेल्या 43,000 वर पाणी सोडलं. कोर्टात जा असं मी म्हटलं नाही, वकिलाची फी मला माहितीये.

जूनमध्ये नवीन भाडेकरू मिळाला. पोलिसांत माहिती दिली, लाइट बिल कोणी भरायचं तेही करारात टाकलं. आणि नानांचा अंगठाच घेईना मशीन! तीस वर्षं पाने-हातोडी, रेषा झिजलेल्या. पुसला, डोक्याच्या तेलावर घासला, दुसरं बोट लावलं, चौथ्या वेळेला हिरवा लाइट लागला. नाना म्हणाले, आता तरी पक्कं ना?

मी म्हटलं पक्कं, पण ती पक्कड घरी ठेवून या.