आधार, पण ओझे न होणारा

खानापूर तालुक्यातील गावांतून बेळगावात पदवीसाठी आलेल्या मुलांशी बोलताना एक गोष्ट मला वारंवार जाणवते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा वर्गात इंग्रजी ऐकतो, कार्यालयात कन्नडमधून विचारणा करतो आणि रात्री घरी मराठीत बोलतो. त्याला अभ्यासापेक्षा आपण येथे उपरे आहोत ही भावनाच अधिक खचवते. ती ओसरते जवळच्या माणसांमुळे, मात्र त्यांचा आधार कोणत्या रीतीने मिळतो याला फार महत्त्व आहे.

मानसशास्त्रज्ञ नायल बोल्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मला या संदर्भात मोलाचा वाटतो. न्यूयॉर्कमधील वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्या उमेदवारांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी रोज नोंदी ठेवल्या. जोडीदाराने मदत केल्याचे लिहिले, पण उमेदवाराला ती मदत म्हणून जाणवली नाही, अशा वेळी त्याचे मन अधिक स्थिर राहिलेले आढळले. उघड मदतीमुळे आपण कमी पडत आहोत ही जाणीव बळावत असावी.

माझ्या ओळखीच्या एका मुलाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता, आणि कन्नडमध्ये विचारपूस करण्याच्या धास्तीने तो दिवस ढकलत होता. गोकाकहून आलेला त्याचा खोलीतील सोबती एके सकाळी ‘माझंही काम आहे, चल’ एवढेच म्हणाला आणि कार्यालयाच्या खिडकीपाशी दोघांच्याही वतीने कन्नडमध्ये बोलला. उपकाराची भाषा कोठेही आली नाही, आणि पुढच्या खेपेस तो मुलगा एकटा गेला.

घरच्यांनीही हे लक्षात घ्यावे, असे मला मनापासून वाटते. रोज फोनवर गुणांचीच चौकशी होऊ लागली की मुले अडचणी लपवू लागतात. मुलींच्या बाबतीत कर्नाटकात जून २०२३ पासून सुरू झालेल्या ‘शक्ती’ योजनेमुळे एक चांगली सोय झाली आहे: राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट लागत नसल्याने जांबोटीकडची मुलगी शनिवारी घरी जाताना खर्चाचा विचार करीत नाही.

सोबत्याची झोप आणि जेवण बरेच दिवस बिघडलेले दिसले, तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक केवळ लिहून देऊ नये, तो फोन करीत असताना शेजारी बसावे.